लक्ष नसताना

प्रीती रंगारीबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक कबुली द्यायला हवी. मला रडणारी पोरं सहन होत नाहीत. एकतीस वर्षं बालवाडीत काढलेल्या बाईनं असं म्हणावं म्हणजे हलवायानं मला गोड चालत नाही म्हणावं तसं झालं, पण खरं आहे ते आहे. जून संपता संपता आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात. हुडकेश्वरच्या आमच्या बालवाडीत पन्नासेक नवी पोरं येतात आणि पुढचे दहा-बारा दिवस त्या इमारतीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. दरवर्षी मी घरी जाऊन सांगायची, हे शेवटचं वर्ष. मग प्रीती आली, आणि ते दहा-बारा दिवस चारावर आले. म्हणून मी टिकले.

प्रीती मूळची खाप्याची. तिच्या वडिलांचं, नत्थूजींचं, तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रोज एसटीनं नागपूरला येऊन तिनं बालवाडीचा कोर्स केला, इथेच लग्न झालं, नवरा सौरव एका छापखान्यात कामाला. अंगानं लहानखुरी, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, आवाज चढा नाही पण पक्का. आमच्याकडे आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. मी तिला पहिल्या दिवशी पाहून मनात म्हटलं होतं, ही दिवाळीच्या आत पळून जाते. ती बारा वर्षं राहिली आणि आख्ख्या हुडकेश्वरात नाव काढलं. आया ॲडमिशनला यायच्या त्या विचारतच यायच्या, 'प्रीती मॅडमच्या वर्गात जागा आहे का?'

तिची रीत सोपी होती. वर्गाच्या मधोमध पाण्याचा मोठा टब ठेवायचा. त्यात बाटल्यांची झाकणं, दोन-चार कप, एक चहाची गाळणी. आई पोराला घेऊन आली की प्रीती त्याला बोट धरून टबाजवळ बसवणार. "पाह्य बरं, हे बुडते का तरंगते?" पोराचे दोन्ही हात पाण्यात गेले, मान खाली झाली, की ती आईकडे पाहून हळूच मान हलवायची. म्हणजे निघा. आईनं चपला हातात घ्यायच्या आणि पाय न वाजवता बाहेर पडायचं. निरोप नाही, पापी नाही, टाटा नाही. पोरानं मान वर करेपर्यंत आई गल्लीच्या तोंडाशी पोचलेली असायची.

मग पोरगं रडायचं. त्याला इलाज नव्हता. पण प्रीती त्याला मांडीवर घट्ट धरून बसायची आणि चौथ्या दिवशी ते गप्प व्हायचं. पालकसभेत ती आयांना समजावून सांगायची, "पोरगं पाच मिनिटं रडते. तुम्ही दारात उभ्या राहिल्या तं तासभर रडते. त्याचं लक्ष नसलं का निघून जायचं, मागं पाहायचं नाही." आया माना डोलवायच्या. मोबाइलवर पोरांचे फोटो काढत दारात घुटमळणाऱ्या आयांचा मला मुळातच राग, त्यामुळे हे ऐकताना माझ्या जिवाला फार गार वाटायचं.

एकदा आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवणारी गोपिका नावाची बाई ऐकेना. लेकीला, गुड्डीला, टबाजवळ बसवून बाहेर गेली खरी, पण वळसा घालून मागच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. प्रीतीनं पाहिलं, शांतपणे उठली आणि खिडकी तिच्या तोंडावर लावून घेतली. कडीसुद्धा घातली. मधल्या सुट्टीत आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. हसले ते जास्त मीच.

प्रीतीला मूल व्हायला वेळ लागला. लग्नाला आठ वर्षं उलटून गेल्यावर, दवाखान्यांच्या चकरा मारून मारून थकल्यावर, दसऱ्याच्या आठवडाभर आधी मुलगा झाला. नाव ठेवलं अश्विन. घरी सासू होती, पार्वतीबाई, तिनं नातवाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. प्रीती सकाळी साडेसातला घरून निघायची तेव्हा तो झोपेत असायचा. उठून, आजीच्या हातची दूधपोळी खाऊन, अंगणात कोंबड्यांच्या मागं धावून होईपर्यंत बालवाडी सुटून आई परत आलेली. आई जाताना कशी दिसते ते त्या पोरानं कधी पाहिलंच नव्हतं.

पावणेतीन वर्षांचा झाला तेव्हा आमच्याच बालवाडीत नाव घातलं. आमच्याकडे नर्सरीच्या दोन तुकड्या, एक प्रीतीची आणि एक माझी. मोठ्या मॅडमचा नियम असा की शिक्षिकेचं मूल तिच्या स्वतःच्या वर्गात बसवायचं नाही. त्यामुळे अश्विन माझ्याकडे आला. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नाही, नुसतं प्लायवूडचं पार्टिशन आहे, तेही वर छतापर्यंत न गेलेलं. इकडचं तिकडे सगळं ऐकू येतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दप्तरं अडकवायच्या खुंट्यांवर पोरांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवत होतो. अश्विनची पट्टी हातात घेऊन प्रीती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "शोभाताई, मी विचार करून राहिली होती. उद्या त्याले सांगूनच जाऊ का? त्याले समजते सगळं. म्हणतो मी त्याले, बेटा, मी पलीकडंच आहे."

माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून लोक सांगत आले आहेत. मी म्हटलं, "वा वं वा! बारा वर्षं लोकांच्या बायांले चपला हातात घेऊन पळवलं, अन् आपल्या पोराची पाळी आली तं कायदा बदलून राहिली? उद्या त्या गोपिकेले कोणत्या तोंडानं पाहशील?"

तिचा चेहरा एवढासा झाला. "नाही, तसं नाही," ती म्हणाली.

"अन् पलीकडंच आहे म्हटलं तं तो दिवसभर पार्टिशन ठोकत बसन. मंग तुहाही वर्ग नाही अन् माहाही नाही."

तिनं पट्टी चिकटवली आणि वरून अंगठा फिरवून नीट बसवली. विषय तिथंच संपला. संपवला तो मी.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. तेल लावून बसवलेले केस, नवा कोरा शर्ट, मानेपर्यंत पावडर. माझ्या वर्गातसुद्धा आता टब असायचा, तिच्याकडूनच उचललेला. मी म्हटलं, तूच बसव, तुझा हात आहे. तिनं बसवलं. पोरानं एवढा मोठा टब कधी पाहिला नव्हता. कोपरापर्यंत हात घातले आणि आनंदानं असा काही ओरडला की बाकीची रडणारी दोन पोरं क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहायला लागली. प्रीती त्याच्या मागं उभी होती. चपला तिच्या हातात होत्या, पण पाय निघत नव्हता. ती माझ्याकडे पाहत राहिली.

मान मी हलवली. ती तरी हलेना, म्हणून पुन्हा एकदा, जरा जोरात हलवली.

ती गेली. आणि लगेच अश्विननं पाण्यातून एक लाल झाकण काढून हात वर केला. "आई, हे पाह्य, तरंगते!" म्हणून मागं वळला.

तो लगेच रडला नाही. तसा रडला असता तर मला त्याचं काही वाटलं नसतं, रडणाऱ्यांची मला सवय होती. तो झाकण हातात धरून उठला. दाराकडे गेला. दारामागं पाहिलं. माझ्या टेबलाखाली वाकून पाहिलं. मग परत आला आणि टबात पाहिलं. झाकणं हातानं बाजूला सारून, खाली, तळाशी. तिथंही आई नव्हती. तेव्हा तो रडला.

मी त्याला मांडीवर घट्ट धरलं, रीत होती तशी. तेवढ्यात पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "पाह्य बरं, हे बुडते का तरंगते?" प्रीती तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्या पोराला टबाजवळ बसवत होती. अश्विन एकदम चूप झाला. माझ्या मांडीवरून सुटला, पार्टिशनपाशी गेला, दोन्ही तळहात प्लायवूडवर टेकवले आणि कान लावला. मग माझ्याकडे वळून हुंदका देत म्हणाला, "आई तिकडं आहे."

मी म्हटलं, "नाही बेटा. त्या दुसऱ्या मॅडम आहेत."

हे मी मोठ्यानं बोलले, कारण माझा आवाजच तसा आहे. पलीकडचा आवाज मध्येच बंद पडला. त्या दिवसापासून प्रीतीनं वर्गात गाणं म्हटलं नाही, गोष्ट सांगितली नाही. ती कुजबुजत शिकवायची. पंचवीस पोरांना बाई कुजबुजत शिकवते आहे, आणि पलीकडे तिचा मुलगा पार्टिशनला कान लावून उभा आहे. चार दिवस हे चाललं. मी रोज पाहत होते आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण नव्हतं वाटत.

चौथ्या दिवशी तो गप्प झाला. पार्टिशनपाशी गेला नाही, जागेवर बसून राहिला. मी मोठ्या मॅडमच्या खोलीत जाऊन ऐटीत सांगितलं, बघा, तिचं पोर, तिचीच रीत, मोजून चार दिवस! प्रीती हजेरी ठेवायला आली होती. तिनं ऐकलं, हजेरी टेबलावर ठेवली आणि निघून गेली. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून बोलत नाही.

जुलैच्या शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्याच गल्लीत एका बारशाला गेले होते, जवळच घर, म्हटलं डोकावून यावं. जाताना अश्विनसाठी चावीचं बदक घेतलं. पार्वतीबाईंनी "जय भीम ताई, या या" म्हणून पाट पुढं केला, प्रीती पाणी घेऊन आली. मी बदकाला चावी दिली आणि फरशीवर सोडलं. बदक पंख आपटत, मान हलवत, थेट पोराच्या पायाशी गेलं.

त्यानं बदकाकडे पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी आईचा कुर्ता मुठीत धरला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. बदक फिरून फिरून थांबलं. मी परत चावी दिली. मुठी आणखी आवळल्या.

"काहून रे, आवडलं नाही का तुले?" मी विचारलं.

उत्तर पार्वतीबाईंनी दिलं. "असंच करून राहिला ताई तो महिनाभरापासून. काही नवं दाखवलं का आईचा कपडा धरते. सौरवनं फुगा आणला तं फुग्याले हात नाही लावला. आई न्हायले गेली का हा दरवाज्याखालून बोटं आत घालून बसून राहते. हाक मारली तरी उठत नाही."

मी काहीतरी म्हणणार होते. होईल सवय, लहान आहे, असलंच काहीतरी. प्रीती खाली बसली, पोराला मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडे न पाहता बोलली. "त्याले समजलं, शोभाताई. काही चांगलं दाखवलं का आई जाते."

मी बदक उचललं आणि पिशवीत परत ठेवलं. तिच्या हाताखालून बारा वर्षांत तीनशे तरी पोरं गेली असतील. माझ्या हाताखालून त्याहून किती जास्त. सगळी चौथ्या दिवशी गप्प झाली होती. आम्ही त्याला रुळणं म्हणत होतो. पालकांना पेढे वाटायला लावत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रीतीनं माझा हात धरला आणि म्हणाली, माझ्यासोबत गोपिकेकडे चला. मी म्हटलं, कशाला गं जुनं उकरतेस, पोरगी आता चौथीत आहे. तरी ओढून नेलंच तिनं. अश्विन तिच्या कडेवर होता. गोपिका मशीनवर बसलेली, दारात आम्हा दोघींना पाहून गडबडून उठली. तिला वाटलं गुड्डीची काही तक्रार आहे.

प्रीती उभ्या उभ्याच म्हणाली, "तुमच्या तोंडावर खिडकी लावली होती मी. माफ करा."

गोपिका हसायला लागली. "अवं मॅडम, ते कधीची गोष्ट! गुड्डी तं विसरून गेली सगळं. तिले तुमचा पाण्याचा टब आठवते फक्त. कोणाले शाळेचं सांगाचं असलं का टबाचंच सांगते." मग तिनं मशीनवरच्या ब्लाउजाचा दोरा दातानं तोडला आणि कापड उगाच उलटंपालटं केलं. "मीच नाही विसरली. कडी लावली तेव्हा गुड्डीनं मले पाहिलं होतं ना. त्या दिवशी घरी येऊन मी काही शिवलं नाही. बसा, चहा ठेवतो."

आम्ही चहा घेतला. कोण काय बोललं ते मला आठवत नाही. परतताना रस्त्यात प्रीती रडली, भर दुपारी, पोर कडेवर असताना. मी तिला म्हणाले, "माही चूक आहे वं. तू सांगाले निघाली होती, मीच तुले अडवलं." ती म्हणाली, "तुम्ही एक दिवस अडवलं, ताई. मी बारा वर्षं अडवलं." मला बरं वाटावं म्हणून ती बोलली असेल, पण बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारातच आयांना थांबवलं. या वर्षीची पोरं रुळली होती, म्हणजे गप्प झाली होती. तरी तिनं प्रत्येकीला सांगितलं. "आजपासून पोराले सांगून जायचं. समोर बसायचं, 'येतो मी' म्हणायचं, अन् त्यानं पाहत असतानाच जायचं. रडलं तं रडू द्या, मी आहे." आया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "पण मॅडम, तुम्हीच तं सांगितलं होतं..." प्रीती म्हणाली, "हो. मी चुकीचं सांगितलं होतं." बारा वर्षांचं नाव तिनं दारात उभं राहून एका वाक्यात घालवलं. मला तिचा इतका आदर कधी वाटला नव्हता. आणि त्या दिवशी पुन्हा आख्ख्या इमारतीत रडारड सुरू झाली. ती मी ऐकून घेतली.

मग ती अश्विनला घेऊन माझ्या वर्गात आली. चपला पायातच होत्या. त्याला चटईवर बसवलं, त्याच्यासमोर स्वतः मांडी घालून बसली आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. आवाज पक्का ठेवायचा प्रयत्न करत होती.

"अश्विन, माह्याकडं पाह्य. मी आता तिकडच्या वर्गात जातो. तिथं दुसरी लेकरं आहेत, त्याह्यले शिकवतो. सुट्टी झाली का मी येतो, अन् आपण दोघं मिळून घरी जाऊ. मी तुले न सांगता कधीच जाणार नाही."

पोर ऐकत होतं. तिच्याकडे पाहत होतं, अगदी लक्ष देऊन. मला वाटलं आता कुर्ता धरेल, आता ओरडेल. मी मनाची तयारी केली होती. त्यानं हळूच आपले हात तिच्या हातातून सोडवून घेतले. चटईवर बसल्या बसल्या वळला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले, घट्ट, बोटांमध्ये फट न ठेवता.

"जाय आई," तो म्हणाला. "मी नाही पाहून राहिलो."

तो रुसला नव्हता. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. आईला निघताना त्रास होऊ नये म्हणून तो तिला मदत करत होता.

प्रीती जागची हलली नाही. मीही नाही. पलीकडे तिच्या वर्गातली पोरं आपापल्या आयांच्या नावानं रडत होती. बऱ्याच वेळानं, डोळ्यांवरचे हात न काढता, त्यानं भिंतीलाच विचारलं, "गेली का?"

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली होती, आणि आम्हा दोघींपैकी एकीच्याही तोंडून 'नाही' निघालं नाही.